गळ्यात अडकवायच्या लहान चाकूसाठी न गंजणारे पोलाद कोणते घ्यावे?

द्राक्षवेल | ३ जुलै

नमस्कार मंडळी. माझी निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि गेले दोन हंगाम मी एक लहान चाकू दोरीला अडकवून गळ्यात घालतो. मांडवाखाली काम करताना एका हातात काडी आणि दुसऱ्या हातात सुतळी असते. खिशातला चाकू काढायचा तर वाकावे लागते, आणि कमरेला लावलेला चाकू फवारणीच्या पंपाच्या पट्ट्यात अडकतो. गळ्यातला चाकू मूठ खाली करून लटकत असल्यामुळे नुसता खाली ओढला की हातात येतो. सुतळी कापणे, ठिबकची नळी छाटणे, खोके उघडणे, काडीची साल खरवडून पाहणे अशी दिवसातून चाळीस-पन्नास कामे त्याच्याकडून होतात.

अडचण गंजाची आहे. पाते ७ सेंटिमीटर लांब, ३ मिलिमीटर जाड आणि पोलाद डी२ आहे. विकणाऱ्याने ते ‘जवळजवळ स्टेनलेस’ असल्याचे सांगितले होते. एप्रिलच्या खरड छाटणीत दिवसभर घाम निथळत असताना चाकू बनियनच्या आत होता. एका संध्याकाळी बनियन काढले तेव्हा छातीवर दोन बोटे रुंद तपकिरी डाग दिसला. म्यानातून पाते काढून पाहिले, तर धारेला फारसे काही झाले नव्हते. परंतु दोरीच्या भोकाच्या कडेला, ठसवलेल्या अक्षरांच्या खाचांत आणि म्यान ज्या ठिकाणी पात्याला घट्ट धरते तिथे गंजाचे बारीक ठिपके बसले होते. बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर रंग गेला, पण आतले खड्डे अजून नखाला लागतात. आता पावसाळा सुरू झाला आहे आणि ऑगस्टपासून कलमांचे काम आहे. दुसरा चाकू घ्यायचा किंवा करवून घ्यायचा आहे. पोलाद कोणते निवडावे, आणि दोष पोलादाचाच आहे की म्यानाचाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तापभट्टी | ३ जुलै

दादा, मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत उष्णता-प्रक्रियेच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करण्याच्या, कारखान्यात काम करतो. आपण ज्याला डी२ म्हणता त्याला आमच्याकडच्या टूलरूममध्ये (कारखान्यांची अवजारे आणि साचे बनवतात तिथे) एचसीएचसीआर म्हणतात. म्हणजे कार्बनही जास्त आणि क्रोमियमही जास्त. हे पोलाद पंच आणि डाय बनवण्यासाठीचे आहे. पत्रा कापताना ते झिजत नाही, हा त्याचा गुण. टूलरूममध्ये ते तेलाच्या हाताने हाताळले जाते आणि तेल लावूनच ठेवले जाते, त्यामुळे तिथे त्याच्या गंजण्याची कोणी चर्चा करत नाही. तेच पोलाद घामात ठेवले की असे होते. आपल्या भागात चाकू बनवणारी बरीच मंडळी डी२, बेअरिंगचे ईएन३१ किंवा गाडीचा जुना कमानपाटा वापरतात, कारण हे माल सातपूर-अंबडमध्ये सहज मिळतात आणि त्यांना पाणी कसे द्यायचे, म्हणजे तापवून आणि पटकन थंड करून कडक कसे करायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. यांपैकी एकही पोलाद उघड्या अंगावर दिवसभर वागवण्यासाठीचे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानात चुंबक लावून खात्री करू नका. ‘चुंबक चिकटले म्हणजे खरे स्टेनलेस नव्हे’ हा भांड्यांच्या दुकानातला नियम चाकूला लागू पडत नाही. भांड्यांचे ३०४ जातीचे स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही हे खरे, परंतु ते तापवून बुडवल्याने कडक होत नाही, म्हणून त्याला टिकणारी धार लागत नाही. पाणी देऊन कडक होणारी चाकूची नेहमीची सगळी स्टेनलेस पोलादे चुंबकाला चिकटतात.

धातुशिक्षक | ४ जुलै

मी निवृत्त शिक्षक आहे आणि धातुशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पोलाद न गंजण्याचे कारण म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर तयार होणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजन मिळताच पुन्हा जुळून येतो. व्याख्येनुसार १०.५ टक्के क्रोमियम असले की पोलादाला स्टेनलेस म्हणतात. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम असते. मग ते का गंजते, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

उत्तर कार्बनमध्ये आहे. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन असतो आणि कार्बनला क्रोमियमची ओढ फार. दोघे मिळून कार्बाइडचे कठीण खडे तयार करतात. शुद्ध क्रोमियम कार्बाइडच्या एका सामान्य प्रकारात वजनाने एक भाग कार्बन सुमारे दहा भाग क्रोमियम अडकवतो. पोलादातील कार्बाइडमध्ये लोहही मिसळलेले असते, त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब इतका कडक नसतो. तरीही डी२ मधील जवळपास निम्मे क्रोमियम या खड्यांत बंदिस्त होते. संरक्षक थर तयार करण्याचे काम मोकळ्या, म्हणजे धातूत विरघळलेल्या, क्रोमियमचेच असते. म्हणून पोलादाच्या कागदावरचा क्रोमियमचा आकडा एकटा पाहू नये, त्याच्या शेजारचा कार्बनचा आकडाही पाहावा. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली जे पोलाद तयार करवले, त्यात क्रोमियम १२.८ टक्के होते, पण कार्बन अवघा ०.२४ टक्के होता. क्रोमियम जवळपास डी२ इतकेच असून ते टिकले ते त्यामुळेच, आणि त्याच्या सुऱ्या बनू लागल्या.

आता घामाविषयी. घामात मीठ, थोडे लॅक्टिक आम्ल आणि युरिया असतो आणि तो बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, घामात दर लिटरला फक्त काही ग्रॅम मीठ असते. यावरून घाम सौम्य वाटतो. परंतु गळ्यातल्या चाकूवर घाम येतो, वाळतो, पुन्हा येतो आणि पुन्हा वाळतो. प्रत्येक वेळी पाणी उडते आणि मीठ मागे राहते. समुद्रावर चाकू वापरणारा माणूस घरी आल्यावर तो गोड्या पाण्याने धुतो, गळ्यातला चाकू मात्र आपण आंघोळीच्या वेळी खुंटीला अडकवतो आणि तसाच पुन्हा घालतो. मिठातील क्लोराइड संरक्षक थराला एखाद्या बिंदूवर छेदते आणि तिथे सुईने टोचल्यासारखा खड्डा पडतो. म्यानाच्या घट्ट पकडीखाली आणि भोकाच्या कडेला तर ऑक्सिजनच पोहोचत नाही, त्यामुळे फाटलेला थर जुळत नाही, फटीतले पाणी अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते आणि खड्डा आत उतरतो. आपल्या चाकूवर ठिपके नेमके त्याच जागी पडले आहेत. म्हणजे दोष पोलादाचा आहे, आणि म्यानाच्या फटीने तो वाढवला आहे.

पर्याय सांगतो. पाणी देऊन कडक होणाऱ्या पोलादात कार्बनच्या काही भागाऐवजी नायट्रोजन घातला, तर कडकपणा मिळतो आणि क्रोमियम तितके अडकत नाही. शिवाय नायट्रोजन स्वतः खड्डे पडण्याला विरोध करतो. खड्ड्यांना होणारा विरोध ढोबळपणे मोजण्याचे एक सूत्र आहे. क्रोमियमच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट मिळवायची. एलसी२००एन या पोलादात सुमारे १५ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम आणि ०.४ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे बेरीज २५ च्या जवळ जाते. हीच जातकुळी क्रोनिडूर ३० या नावाने विमानांच्या बेअरिंगसाठी वापरली जाते. १४सी२८एन या चाकूच्या स्टेनलेस पोलादात १४ टक्के क्रोमियम, ०.६२ टक्के कार्बन आणि ०.११ टक्के नायट्रोजन असतो, त्याची बेरीज १६ च्या आसपास येते. ४४०सी या दुसऱ्या स्टेनलेस पोलादाची बेरीज कागदावर त्याहून जास्त, १८ च्या पुढे भरते. पण त्यात एक टक्क्याच्या आसपास कार्बन असल्यामुळे बरेच क्रोमियम अडकून पडते आणि व्यवहारात १४सी२८एन त्याच्या मागे पडत नाही. हे सूत्र विरघळलेल्या घटकांनाच लागू होते, ही अट अनेक जण विसरतात.

याच विचाराचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे २०२१ साली आलेले मॅग्नाकट हे पोलाद. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञांनी त्याची रचना केली. त्यात क्रोमियम केवळ १०.७ टक्के आहे, परंतु कार्बनची भूक व्हॅनेडियम आणि नायोबियम या धातूंनी भागवली आहे, त्यामुळे पाणी दिल्यावर क्रोमियम कार्बाइड शिल्लक राहत नाहीत आणि जवळपास सगळे क्रोमियम मोकळे राहते. १७ टक्के क्रोमियमच्या ४४०सी पेक्षा हे पोलाद गंजाला अधिक चांगले तोंड देते, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात असतानाच सांगता आले असते तर फार आनंद झाला असता.

माझे मत विचाराल तर बागेतल्या कामाला १४सी२८एन पुरेसे आहे. पैसे अधिक खर्च करण्याची तयारी असेल आणि गंजाची चिंता पूर्ण मिटवायची असेल तर एलसी२००एन घ्यावे.

कातळकडा | ४ जुलै

सरांच्या प्रतिसादाला माझा अनुभव जोडतो. मी त्र्यंबक आणि इगतपुरीकडचे गड पावसाळ्यातच जास्त करतो. गळ्यात एच१ पोलादाचा चाकू असतो. स्पायडर्को कंपनीच्या सॉल्ट मालिकेमुळे हे जपानी पोलाद प्रसिद्ध झाले. मागच्या जुलैत हरिहरवरून उतरल्यावर चाकू ओल्या म्यानासह पिशवीच्या तळाशी राहिला आणि अकरा दिवसांनी सापडला. म्यानाला बुरशी लागली होती. पात्यावर डागसुद्धा नव्हता.

परंतु त्याची उणीवही सांगितली पाहिजे. त्याची सरळ धार लवकर बोथट होते. सुतळी आणि नायलॉनची दोरी दिवसभर कापायची असेल तर संध्याकाळी दगडावर घासावा लागतो. करवती दात्यांचा घेतला तर दोरी कापायला अधिक दिवस चालतो, पण दात्यांच्या पात्याने कलम करता येणार नाही.

अंगणवेल | ५ जुलै

मी दिंडोरी भागात कलमे बांधण्याचे काम बारा वर्षे करत आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. डॉगरीज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर पाचर कलम करताना काडीला जो काप द्यावा लागतो तो एका ओढीत, आरशासारखा सपाट यावा लागतो. काप उंच-सखल आला तर काडी आणि खुंट यांच्यात पोकळी राहते आणि कलम बसत नाही. माझा चाकू साध्या कार्बन पोलादाचा, एका बाजूनेच धार असलेला आहे. त्याच्यासारखी धार मला कोणत्याही स्टेनलेसला मिळालेली नाही आणि निसण्यावर दहा ओढी दिल्या की ती परत येते. तो काळा पडतो, हे मान्य आहे. मी प्रत्येक रांगेनंतर तो कापडाने पुसते आणि रात्री त्याला तेलाचे बोट लावते.

एकदा मात्र मोठी चूक झाली. बोर्डो फवारणीच्या मिश्रणासाठी मोरचूद भिजत घातलेल्या बादलीत हाच चाकू पडला. काही मिनिटांनी काढला तेव्हा संपूर्ण पाते तांब्याच्या भांड्यासारखे लाल झाले होते. तो लाल थर बोटाने पुसला गेला आणि खालचे पाते खरखरीत, धार गेलेले निघाले. त्यावरून वाटते की दुकानातला चाकू खरा स्टेनलेस आहे का हे मोरचुदाच्या पाण्याचा थेंब टाकून ओळखता येईल. सरांचे यावर काय मत आहे?

धातुशिक्षक | ५ जुलै

ताई, आपण पाहिलेली क्रिया अगदी बरोबर आहे. लोह विरघळून पाण्यात जाते आणि त्याच्या जागी मोरचुदातील तांबे पात्यावर बसते. उद्योगांतही स्टेनलेसच्या पृष्ठभागावर साधे लोह चिकटले आहे का हे पाहण्यासाठी आम्ल मिसळलेल्या मोरचुदाच्या द्रावणाची चाचणी करतात. मात्र चाकूसाठी ती वापरू नये. पाणी देऊन कडक होणाऱ्या आणि १६ टक्क्यांहून कमी क्रोमियम असलेल्या स्टेनलेसवर ती चाचणी फसते. पाते उत्तम असले तरी तांबे बसू शकते. १४सी२८एन आणि एलसी२००एन दोन्ही या वर्गात येतात. चांगला चाकू आपण विनाकारण नाकाराल.

त्याऐवजी घरी करता येण्यासारखी चाचणी साधी आहे. पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात चमचाभर मीठ विरघळवावे, कापसाचा बोळा त्यात भिजवून पात्यावर ठेवावा, वरून प्लॅस्टिक गुंडाळून रात्रभर तसेच राहू द्यावे. बोळ्याच्या मध्यभागापेक्षा त्याच्या कडेखाली काय झाले आहे ते नीट पाहावे.

कलमाच्या धारेविषयी आपले म्हणणे मी खोडणार नाही. बारीक कणांच्या कार्बन पोलादाची धार सहज लागते. मात्र तो चाकू आपण हातात धरता, वापरता आणि पुसता; गळ्यात घामाला टेकवून ठेवत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी दोन कामांसाठी दोन चाकू ठेवावेत असे मला वाटते.

द्राक्षवेल | ६ जुलै

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचे म्हणणे पटले. कलमासाठी वेगळा चाकू ठेवतो. गळ्यातल्या चाकूसाठी १४सी२८एन ची पट्टी ऑनलाइन मागवतो आहे. पाते घासून आकार मी स्वतः देईन. तापभट्टी दादा, उष्णता-प्रक्रिया आणि घासकाम यात गंजाच्या दृष्टीने काय सांभाळावे?

तापभट्टी | ७ जुलै

हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केले, कारण योग्य पोलाद घेऊन ते भट्टीत बिघडवलेली अनेक पाती माझ्या टेबलावर आली आहेत.

या पोलादाला साधारण १०५० ते १०८० अंश सेल्सिअस तापमान लागते. कोळशाच्या भट्टीत रंग पाहून ते साधत नाही आणि हवेत तापवले तर पृष्ठभागावरचा कार्बन जळतो व खपली धरते. म्हणून व्हॅक्यूम भट्टी, किंवा पाते स्टेनलेसच्या पातळ पत्र्यात हवाबंद गुंडाळून विजेची भट्टी वापरावी. तापमान कमी पडले तर कार्बाइड पुरेसे विरघळत नाहीत, त्यामुळे कडकपणाही कमी येतो आणि सरांनी सांगितलेले मोकळे क्रोमियमही कमी राहते. बाहेर काढल्यावर पाते ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांमध्ये दाबून पटकन थंड करावे. रेंगाळत थंड झाले तर कणांच्या सीमांवर कार्बाइड बसतात आणि नंतर त्याच सीमांवरून गंज शिरतो.

यानंतरच्या टेम्परिंगमध्ये, म्हणजे कडक झालेले पाते ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा कमी तापमानाला तापवण्यात, सर्वांत जास्त चुका होतात. डी२ ला ५०० अंशांच्या पुढे टेम्पर करायची टूलरूमची सवय असते. तीच सवय इथे लावली तर बारीक क्रोमियम कार्बाइड बाहेर पडतात आणि स्टेनलेस पाते स्टेनलेस राहत नाही. ते १७५ ते २२५ अंशांतच, दोनदा करावे. आमच्याकडे एका गृहस्थांची चार पाती दुसरीकडून करून आली होती. कडकपणा मोजला तर उत्तम होता, तरी पहिल्याच पावसात ती तपकिरी झाली. विचारल्यावर कळले की ती डी२ च्या खेपेबरोबर एकाच तापमानाला टेम्पर केली होती.

घासकामाबाबत सांगतो. साध्या लोखंडावर वापरलेला घासकामाचा पट्टा किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात, ते गंजतात आणि लोकांना वाटते की पातेच गंजले. पाणी दिल्यानंतर घासताना पाते हाताला चटका बसेल इतके तापू देऊ नका. शेवटचे घासकाम जितके बारीक तितके चांगले. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करून आणलेली मॅट झळाळी दिसायला सुंदर असते, पण तिच्या खळग्यांत घाम साठतो. माझा आग्रह लांबीच्या दिशेने बारीक घासलेल्या किंवा पॉलिश केलेल्या पात्याचा राहील. भोकाची आतली कडही लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून घासावी. ती कोणी घासत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

शेवटी लिंबूसत्त्वाची आंघोळ द्यावी. एक लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून, साबणाने तेल काढलेले पाते त्यात वीस-तीस मिनिटे ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे करावे. रुतलेले लोखंड विरघळून जाते आणि संरक्षक थर स्वच्छ पृष्ठभागावर जुळतो. हा उपाय आपल्या जुन्या डी२ वर करू नका, ते पाते काळवंडेल.

चर्मकला | ८ जुलै

मी चामड्याचे काम करतो आणि चामड्यावर माझे प्रेम आहे, तरीही गळ्यातल्या चाकूला चामड्याचे म्यान देऊ नये असे सांगतो. चामडे घाम पिते आणि तासन्‌तास सोडत नाही. कमावताना वापरलेली टॅनिन किंवा क्षार त्या ओलाव्यात पात्याला लागतात. कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचे म्यान घ्यावे, तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्र ठेवावे आणि पकड पात्याच्या सपाट भागावर न देता मुठीच्या पुढच्या खाचेवर द्यावी, म्हणजे पात्यालगत फट राहत नाही. आठवड्यातून एकदा म्यान पाण्याने आतून धुवावे. मातीचा एक कण आत राहिला तरी प्रत्येक ओढीला पात्यावर ओरखडा उठतो.

कातळकडा | ८ जुलै

दोरीबद्दल कोणीच लिहिले नाही. साधी नायलॉनची दोरी गाठ मारून गळ्यात घालू नका. मांडवाच्या तारेत किंवा झाडाच्या फांदीत अडकली तर गळ्याला फास बसतो. ओढ बसताच सुटणारी कडी मिळते, ती मानेमागे लावावी. मण्यांची साखळीही ताण आला की तुटते, मात्र स्वस्त साखळी लोखंडाची किंवा पितळेवर निकेल चढवलेली असते. लोखंडाची चाकूआधीच गंजते आणि निकेलने काहींच्या मानेवर पुरळ उठते.

सातपूरवासी | ९ जुलै

पोलादाच्या चर्चेत एक आवश्यक सूचना. शस्त्र नियमांत परवान्याची अट ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांसाठी आहे आणि शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे, त्यामुळे ७ सेंटिमीटरचा चाकू बागेत वापरण्यात अडचण नाही. परंतु शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू जवळ बाळगण्यास बंदी असते. बाजार समितीत किंवा शहरात येताना चाकू गळ्यातून काढून अवजारांच्या पेटीत ठेवावा.

अंगणवेल | ९ जुलै

सूचना महत्त्वाची आहे. आमच्या मजूर बायकांनाही हे सांगते.

द्राक्षवेल | २८ सप्टेंबर

उशिरा लिहितो आहे, कारण कलमे उरकल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पट्टी जुलैच्या मध्यात मिळाली. पाते पूर्वीइतकेच, ७ सेंटिमीटर ठेवले, पण जाडी अडीच मिलिमीटर केली. उष्णता-प्रक्रिया व्हॅक्यूम भट्टीत करून घेतली आणि टेम्परिंग २०० अंशांना दोनदा करून मागितले. भोकाची आतली कड घासायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सुरुवातीला हात बसेना; नंतर बांबूच्या काडीला चीर पाडून तीत पेपर अडकवला तेव्हा जमले. लिंबूसत्त्वाची आंघोळ सांगितल्याप्रमाणे दिली. पात्यावर नाव ठसवले नाही.

म्यानात घालण्यापूर्वी मिठाच्या बोळ्याची चाचणी चार पात्यांवर एकाच रात्री केली. डी२ वर बोळ्याच्या संपूर्ण कडेने तपकिरी कडे उमटले. ताईंसारख्याच कार्बन पोलादाच्या माझ्या कलमाच्या चाकूवर तर बोळाच चिकटून बसला. स्वयंपाकघरातल्या सुरीवर तीन बारीक ठिपके आले, तेही जिथे ती पूर्वी तारेच्या घासणीने घासलेली होती तिथेच. नव्या पात्यावर काही दिसले नाही. भिंगाने पाहिल्यावर धारेजवळ एक फिकट पिवळा ठिपका सापडला, तो कापडाने पुसला गेला.

त्यानंतर नऊ आठवडे चाकू रोज गळ्यात आहे. ऑगस्टमध्ये सलग पंधरा दिवस पाऊस होता आणि अंगावरचा शर्ट एकदाही पूर्ण वाळला नाही. चाकू रोज रात्री नळाखाली धरतो, पुसतो आणि म्यानाबाहेर ठेवतो. तेल लावलेले नाही. बनियनवर डाग नाही. गेल्या रविवारी मुठीच्या दोन्ही पट्ट्या स्क्रू काढून उघडल्या, कारण खरी भीती त्यांच्याखालची होती. एका स्क्रूभोवती तांबूस कडे दिसले. पुसल्यावर कळले की तो गंज स्क्रूचा होता, स्क्रू साध्या लोखंडाचा निघाला. खालचे पाते स्वच्छ होते.

धारेबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर डी२ एकदा लावल्यावर दहा-बारा दिवस चालत असे, हा पाच-सहा दिवस चालतो. लागते मात्र निम्म्या वेळात.

तापभट्टी | २८ सप्टेंबर

स्क्रू आजच बदला, गंजलेला स्क्रू पात्यालगत ठेवू नका. ३१६ जातीच्या स्टेनलेसचे स्क्रू घ्या. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि घामाला ते ३०४ पेक्षा चांगले टिकते. स्क्रू बसवण्यापूर्वी भोकात आणि पट्टीखाली मेण भरा, म्हणजे घाम शिरायला फटच राहणार नाही.

द्राक्षवेल | २९ सप्टेंबर

अंबडहून ३१६ चे चार स्क्रू आणले. मधमाश्यांचे मेण घरात होतेच, ते वितळवून भोकांत भरले आणि पट्ट्या बसवल्या. गोडी छाटणी पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे. दिवाळीनंतर पट्ट्या पुन्हा उघडून इथेच लिहीन.